वारा आडवा वाहतो, मग पत्रा वर का जातो?

प्रश्न : दापोली तालुक्यात, समुद्रापासून पायी पंधरा मिनिटांवर आमचे जुने कौलारू घर होते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळात निम्म्याहून जास्त कौले गेली, पण वासे आणि रीपा जागच्या जागी राहिल्या. शेजारच्या नव्या घराचा पत्रा मात्र लोखंडी सांगाड्यासकट उचलला गेला आणि आमच्या सुपारीच्या वाडीत येऊन पडला. आता नोकरीतून मोकळा झालो आहे. जुन्या जोत्यावरच स्वतः उभा राहून चिऱ्याचे घर बांधतो आहे. माकडांमुळे कौले टिकत नाहीत आणि शाकारणीला माणूस मिळत नाही, म्हणून पत्राच घालायचे ठरले आहे. पण वारा आडवा वाहतो, तर पत्रा वर का जातो? एकेक सुटी कौले गेली तरी लाकूड वाचले आणि चांगला वेल्डिंग केलेला सांगाडा उडाला, हे कसे? शिवाय बाजारात इतक्या तऱ्हेचे पत्रे आहेत, त्यातला कोणता घ्यावा?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : तुमच्या पहिल्या दोन शंकांना मी जास्त जागा देणार आहे. पत्रा निवडताना चूक झाली तर काही वर्षांनी गंज दिसतो. तो बांधताना चूक झाली तर एका दुपारीत घर उघडे पडते.

वारा आडवा येतो हे खरे. पण भिंतीला अडला की तो वर चढतो आणि वळचणीच्या कडेवरून पाख्यावर जातो. तिथे तो पाख्याला चिकटून वाहत नाही. कडेपाशी आणि आढ्याच्या पलीकडे तो पृष्ठभागापासून सुटतो आणि त्या जागी हवेचा दाब खाली येतो. त्याच वेळी वाऱ्याकडचे दार किंवा खिडकी फुटली, तर घरात हवा कोंडते आणि पत्र्याला खालून रेटते. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकदम. पावसात छत्री उलटी होते ती याच कारणाने.

ही ओढ किती असते, याचा हिशेब अवघड नाही. वाऱ्याचा सेकंदाचा वेग मीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ‘निसर्ग’ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १३० पर्यंत जात होते. १३० म्हणजे सेकंदाला ३६ मीटर. गुणाकार करून पाहा : दर चौरस मीटरला साधारण ८० किलो वजनाइतका दाब येतो. कमी उताराच्या छपरावर वरची ओढही याच घरात असते. कोपऱ्यांत, कडांना आणि आढ्याजवळ ती दीड-दोन पट होते. तुमचे छप्पर १०० चौरस मीटरचे धरले तर अशा झोतात त्याला आठ टनांच्या आसपास ओढ वर खेचते. पत्रा आणि त्याखालचे लोखंड मिळून चौरस मीटरला फार तर १५ किलो भरते, म्हणजे सगळे मिळून दीड टन. राहिलेले साडेसहा टन कोणीतरी खाली धरून ठेवायला हवेत.

आता जुने घर पाहू. एक मंगलोरी कौल दोन-अडीच किलोचे असते आणि चौरस मीटरला अशी पंधराएक लागतात. त्यात लाकडाचे वजन आलेच. पण वजनाहून मोठे कारण दुसरे आहे. कौलांच्या सांध्यासांध्यांतून हवा येते-जाते. आतला रेटा फटींतून बाहेर निसटतो आणि वर-खाली दाबाचा फरक फार वाढत नाही. वाढलाच तर कडेची आणि आढ्याजवळची कौले आधी सुटतात. ती सुटली की भोक पडते, दाब मोकळा होतो आणि खालच्या वाशांवरचा ताण उतरतो. तुमच्या घराची कौले गेली आणि त्यांनीच लाकूड वाचवले. पत्र्याचे छप्पर मात्र सलग असते. त्यातून हवा निसटत नाही आणि सगळी ओढ स्क्रूमधून पत्र्याखालच्या आडव्या पर्लिनला, पर्लिनमधून कैचीला, कैचीतून भिंतीला जाते. या साखळीत जो सांधा सर्वांत कच्चा, तो सुटतो. शेजाऱ्यांचे स्क्रू टिकले, वेल्डिंग टिकले. सुटला तो सांगाडा आणि भिंत यांच्यामधला सांधा.

म्हणून कौले काढून पत्रा घालायचा म्हणजे केवळ पांघरूण बदलायचे, असे समजू नका. कौलांच्या घरात भिंतीचे काम वजन पेलण्याचे असते. पत्र्याच्या घरात तिला छप्पर खाली धरून ठेवायचे असते, आणि चिऱ्याची भिंत ओढ सहन करण्यात फार कमजोर असते. चिरा चिऱ्यावर वजनाने बसतो. वर खेचला की मधला मसाला सोडून देतो. सांगाड्याची प्लेट वरच्या चिऱ्यात दोन खिळेवजा बोल्ट ठोकून बसवली, तर ती चिऱ्यासकट वर येते.

तुम्ही अजून भिंतीच्या उंचीला पोचला नसाल तर फार बरे. भिंतीच्या माथ्यावर घराभोवती सलग काँक्रीटचा बीम ओता. पण तेवढ्याने भागत नाही. ९ इंच बाय ९ इंचाच्या बीमचे वजन मीटरला सुमारे १३० किलो होते. वरचे साडेसहा टन ४० मीटर परिघावर वाटले तर मीटरला १६० किलोची ओढ येते, म्हणजे एकट्या बीमच्या वजनाहून जास्त. तेव्हा चारी कोपऱ्यांत आणि दारांच्या दोन्ही बाजूंना उभ्या सळ्या जोत्याच्या बीमपासून वरच्या बीमपर्यंत सलग न्या आणि त्यांच्यासाठी चिऱ्यांमध्ये सोडलेल्या पोकळ्या काँक्रीटने भरा. कैचीचे बोल्ट बीम ओतण्याआधी सळ्यांच्या जाळीत बांधून ठेवायचे, खालचे टोक वाकवलेले, वाकासकट निदान फूटभर आत. बीम सुकल्यावर ड्रिलने भोक पाडून ठोकलेला बोल्ट त्याची जागा घेऊ शकत नाही. गवंडी आणि फॅब्रिकेटर यांची गाठच पडत नाही, म्हणून ही गोष्ट हमखास राहून जाते. गवंडी काम संपवून गेलेला असतो, मग महिन्याने फॅब्रिकेटर येतो. तुम्ही स्वतः उभे आहात, तर काँक्रीट ओतण्याच्या दिवशी दोघांनाही बोलवा.

आकाराबद्दल एक आग्रह धरतो. कोकणातले जुने चौपाखी घर वाऱ्यात दुपाखीपेक्षा चांगले उभे राहते, कारण त्याला वाऱ्यासमोर सरळ उभी राहणारी त्रिकोणी भिंत नसते. लोखंडात चौपाखी करणे थोडे महाग पडते, कोपऱ्यांवर पत्रे तिरके कापावे लागतात आणि फॅब्रिकेटर कुरकुरतो. तरी खर्चाला परवडत असेल तर करा. उतार फुटाला निदान चार इंच ठेवा, सहा ठेवलात तर आणखी चांगले. उतार वाढला की वाऱ्याकडच्या पाख्यावरची ओढ कमी होत जाते आणि पावसाचे पाणी सांध्यांवर रेंगाळत नाही. वळचण पावसासाठी दोन-अडीच फूट लागतेच. पण तिला वरून ओढ आणि खालून थेट वारा असा दुहेरी मार बसतो. तिच्याखाली भिंतीतून तिरके टेकू द्या. पडवीचे छप्पर मुख्य छपराच्या पत्र्यातूनच पुढे काढू नका. वेगळे, एक पायरी खाली बांधा. दुर्दैवाने ते गेलेच तर घराचे छप्पर बरोबर नेणार नाही.

आता पत्र्याची निवड. नालीदार पत्रा दोनशे वर्षे जुना आहे. हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ मध्ये लंडनमध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि लोखंडावर जस्ताचा थर देण्याचे स्तानिस्लास सोरेल यांचे फ्रेंच पेटंट १८३७ चे. आपला जुना पांढरा पत्रा तो हाच. जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचवते. म्हणजे जस्त जितके जाड तितके आयुष्य मोठे. खाऱ्या हवेत ते भराभर झिजते. नंतर जस्तात ॲल्युमिनियम मिसळलेला थर आला. वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन, असा हा थर अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलने १९७२ मध्ये बाजारात आणला. आज दुकानात ‘गॅल्व्हल्यूम’ म्हणतात तो हा. साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा किनारपट्टीवर तो जास्त टिकतो. त्यावर कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग असला की आणखी एक आवरण मिळते. तुमच्या घरासाठी मी हाच सुचवीन, थर ‘एझेड १५०’ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. त्याहून पातळ थर घेऊन समुद्राजवळ पैसे वाचत नाहीत.

जाडी विचारताना सावध राहा. दुकानदार ‘अर्धा मिलिमीटर’ म्हणतो त्यात लोखंड, थर आणि रंग तिन्ही धरलेले असतात. आतले नुसते लोखंड ०.४२ ते ०.४५ मिलिमीटर भरते. ‘पत्र्याची जाडी नको, आतल्या लोखंडाची सांगा’ असे स्पष्ट विचारा. चांगल्या पत्र्याच्या पाठीवर कारखान्याने ठरावीक अंतराने एक ओळ छापलेली असते. तिच्यात जाडी, थराचा वर्ग आणि तारीख सापडते. ती नसेल तर तो पत्रा घेऊ नका. संशय आला तर वजन करा. चार फुटी रुंद गुंडाळीतून काढलेला दहा फुटी पत्रा, आत ०.४५ लोखंड असेल तर १४ किलोच्या जवळपास भरतो. काट्यावर तो ११ किलो दिसला, तर आत ०.३५ च लोखंड आहे.

हमीपत्र घेताना समुद्रापासूनच्या अंतराचे कलम आधी वाचा. लाटा फुटतात तिथून ठरावीक अंतराच्या आत घर असेल तर बहुतेक हमीपत्रे लागूच होत नाहीत किंवा वेगळा वर्ग मागतात. घर अगदी वाळूला लागून असते तर मी ॲल्युमिनियमचा पत्रा सांगितला असता. त्याला तांबडा गंज येत नाही. पण तो मऊ असतो, त्यावर चालताना खळगे पडतात, आणि उन्हात लोखंडाच्या दुप्पट पसरतो. सहा मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा ४० अंशांच्या फरकात साडेपाच मिलिमीटर लांबतो, लोखंडाचा तीनच्या आत. स्क्रूची भोके त्या हिशेबाने मोठी ठेवावी लागतात.

समुद्राजवळचा गंज कुठे सुरू होतो, तेही पाहून ठेवा. पाख्याच्या उघड्या भागावरचे मीठ चार महिने पाऊस धुतो. वळचणीच्या खालच्या बाजूला आणि पडवीच्या आत पाऊस पोचत नाही. तिथे मीठ साचते आणि पत्र्याला खालून खाते. दिवाळीनंतर आणि पुन्हा होळीच्या सुमाराला नळीने गोडे पाणी तिथे मारा. सांगाड्याच्या चौकोनी पाइपांची टोके उघडी ठेवू नका. खारी हवा पाइपाच्या पोटात शिरते आणि बाहेरचा रंग छान दिसत असताना आतून लोखंड संपते. टोकांना तुकडा वेल्ड करून बंद करायला पाइपामागे काही मिनिटे लागतात. आणि प्रत्येक वेल्डिंगवर पपडी झाडून जस्ताचा प्रायमर लावल्याशिवाय रंग चढू देऊ नका.

आणखी दोन शत्रू घरातूनच येतात. ओल्या सिमेंटचा माल या थराला जाळतो. पत्रा भिंतीत घुसवून सिमेंटने लिंपायची पद्धत म्हणून सोडा. तिथे पत्र्याचीच पट्टी वाकवून बसवा. दुसरे तांबे. सोलर हीटरच्या किंवा एसीच्या तांब्याच्या नळीवरून थेंब थेंब पाणी पत्र्यावर पडत राहिले, तर त्या रेषेत तो काही पावसाळ्यांत सच्छिद्र होतो. अशा नळ्यांचे पाणी पन्हळीबाहेर काढा.

प्रश्न : स्क्रू पत्र्याच्या माथ्यावर मारायचा की घळीत? आमचा मिस्त्री घळीत मारा म्हणतो, चुलतभाऊ माथ्यावर. दोघांचा हट्ट आहे.
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दोघांपाशीही कारण आहे. घळीत पत्रा पर्लिनला टेकलेला असतो, त्यामुळे स्क्रू घट्ट बसतो आणि हलत नाही. पण पाणी घळीतूनच वाहते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर तासात १०० मिलिमीटर कोसळला तर दहा हजार लिटर पाणी त्या घळींतून जाते. प्रत्येक भोक त्या पाण्याखाली येते. म्हणून कोकणात छपरावर माथ्यावरच मारावा. त्यासाठी लांब स्क्रू लागतात आणि माथा दबू नये म्हणून हात सांभाळावा लागतो. वादळी पट्ट्यात माथ्याच्या आकाराची धातूची खोगिरासारखी चकती वॉशरखाली बसवतात, म्हणजे पत्रा ताणला गेला तरी स्क्रूचे डोके त्यातून आरपार निघत नाही. कडेच्या दोन ओळींत आणि आढ्याजवळ प्रत्येक माथ्यावर स्क्रू मारा, मधल्या भागात एक सोडून एक चालेल. पर्लिन मध्ये चार फुटांवर आणि कडेला तीन फुटांवर.

स्क्रूखालच्या काळ्या रबरी वॉशरकडे नीट बघा, काम कसे चालले आहे ते तो सांगतो. बरोबर आवळला की तो धातूच्या चकतीच्या काठाबाहेर किंचित फुगलेला दिसतो, सगळीकडे सारखा. चकतीच आत खोल बसली आणि रबर पाकळ्यांसारखे बाहेर आले, तर जास्त आवळला. एक-दोन उन्हाळ्यांत ते रबर तडकते आणि गळती लागते. रबर फिरवून फिरते आहे तर सैल आहे. मशीनचा क्लच कमी ठेवायला सांगा आणि पहिले दहा स्क्रू स्वतः तपासा.

पत्रे लावायला सुरुवात पावसाच्या विरुद्ध टोकाकडून करा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ईशान्येच्या टोकाला पहिला पत्रा आणि पुढचा त्यावर चढवत नैर्ऋत्येकडे जायचे. म्हणजे सांध्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. आणि पत्रा कापायला ग्राइंडर लावू देऊ नका. त्याच्या ठिणग्या रंगात रुततात, कापलेल्या कडेचा थर जळतो, आणि आठवड्यात सगळ्या छपरावर तांबडे ठिपके उठतात. पत्रा कापायची कात्री किंवा निबलर वापरा. ड्रिलचा चुरा रोज संध्याकाळी मऊ झाडूने झाडून घ्या.

प्रश्न : चंद्रपुरात उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात राहणे शक्य आहे का? पावसात आवाजही फार होतो म्हणतात.
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : शक्य आहे, पण नुसता पत्रा घालून नव्हे. रंग पांढरा किंवा त्याच्या जवळचा घ्या. गडद निळा, विटकरी रंग उन्हाचा बहुतेक भाग शोषून घेतो. पांढरा बराचसा परतवतो. पुढची लढाई पत्र्याच्या खाली आहे. तापलेला पत्रा उष्णता थेट खाली फेकतो, ती अडवायला चकचकीत फॉइल उपयोगी पडते. पण तिच्यापुढे निदान इंचभर मोकळी हवा हवी. फॉइल पत्र्याला चिकटवून टाकली तर तिचा गुण वाया जातो. त्याखाली ५० मिलिमीटर ग्लासवूल जाळीवर पसरा आणि मग सिलिंग. पत्रा आणि सिलिंग यांच्यामधली हवा आढ्यापाशी बाहेर पडेल आणि वळचणीतून आत येईल, अशा जाळीच्या खिडक्या ठेवा. ग्लासवूल पावसाचा आवाजही बऱ्यापैकी दाबते. बाजारात मिळणारी पातळ बुडबुड्यांची शीट उष्णतेला थोडी अडवते, आवाजाला जवळपास नाही.

प्रश्न : पत्र्याच्या घरावर वीज जास्त पडते का?
— एक विद्यार्थिनी, संगमनेर

उत्तर : नाही. वीज उंची आणि मोकळी जागा पाहते, छप्पर कशाचे आहे ते नाही. उलट पत्रा आणि लोखंडी सांगाडा नीट अर्थिंगला जोडलेला असेल तर विजेला जमिनीत जायला चांगला रस्ता मिळतो. अर्थिंग करून घ्या आणि वायरमनकडून तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या जुन्या घराचे सिमेंटचे पत्रे काढून धातूचे घालायचे आहेत. जुने पत्रे फोडून अंगणात भरावाला टाकले तर चालतील का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : कृपा करून असे करू नका. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे धागे असतात. हे धागे फुप्फुसांत गेले की कर्करोग होऊ शकतो, आणि तो होण्याआधी कित्येक वर्षे काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना कर्करोगकारक ठरवले आहे. पत्रा अखंड असतो तोवर धोका कमी. फोडला, कापला, घासला की धूळ उडते. काढताना आधी पाण्याने चिंब भिजवा. हूकचे नट ग्राइंडरने कापू नका, हाताने सोडवा. एकेक पत्रा अखंड खाली उतरवा, वरून टाकू नका. काम करणाऱ्यांना कापडी रुमाल पुरत नाही, एन-९५ ही पुरत नाही, बारीक धूळ अडवणारे पी-१०० दर्जाचे मास्क आणून द्या. कपडे त्याच दिवशी वेगळे भिजवा, घरात झटकू देऊ नका, आणि मुलांना दोन दिवस दुसरीकडे पाठवा. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, बाहेर ठळक खूण करून ठेवा आणि नगरपरिषदेला लेखी कळवून घातक कचऱ्याच्या वाहनातूनच पाठवा.